प्रवेशाआधी परवानगी

११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणकव्यवस्थेत आधीच शिरून बसलेल्या गुन्हेगारांनी एटीएमचे व्यवहार मंजूर करणारी यंत्रणा परस्पर आपल्या कह्यात घेतली, आणि त्यानंतरच्या काही तासांत जगातील २८ देशांतून, तसेच आपल्या कोल्हापुरासारख्या शहरातूनही, बनावट कार्डांच्या आधारे रोख रकमा बाहेर पडू लागल्या. रविवार मध्ये गेला आणि सोमवारी, १३ तारखेस, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक-संदेशप्रणालीमार्फत आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळते झाले. एकंदर नुकसान ९४ कोटी रुपयांहून अधिक होते. एरवी कार्ड यंत्रात घातले म्हणजे पैशाची मागणी प्रथम स्विच नामक दुव्याकडे जाते, स्विच ती मुख्य खातेप्रणालीकडे पाठवतो, आणि तेथे शिल्लक पाहून होकार आला तरच नोटा बाहेर येतात. येथे मात्र गुन्हेगारांनी मध्येच एक तोतया स्विच उभा केला होता, आणि तो खातेप्रणालीस काहीएक न विचारता प्रत्येक मागणीस स्वतःच होकार देत होता. पुढे तपास झाला, खटला चालला, आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ आरोपींना दोषी ठरवले. परंतु १९०६ साली स्थापन झालेल्या एका नामांकित बँकेच्या तिजोरीची वाट परक्यांना सापडेपर्यंत तिच्या रखवालदारांना ती दिसली नव्हती, ही बाब कोणत्याही निकालाने पुसली जाणारी नाही.

ही वाट शत्रूच्या आधी शोधून काढणे, ती कशी सापडली हे मालकास लेखी कळवणे आणि ती बुजवली गेली की नाही हे पुन्हा तपासणे, याच कामास पेनिट्रेशन टेस्टिंग असे नाव आहे, आणि याच कामाकडे आज महाराष्ट्रातील असंख्य विद्यार्थी मोठ्या ओढीने पाहत आहेत. ही ओढ मला शुभ वाटते. आपले दस्तऐवज, आपली ठेव, आपल्या आजाराच्या नोंदी आणि आपल्या सातबाऱ्याचे उतारेसुद्धा ज्या काळात संगणकाच्या हवाली झाले आहेत, त्या काळात या नव्या गडकोटांची नेकीने तपासणी करणारी तरुण पिढी निर्माण होणे ही समाजाची निकड आहे. परंतु या वाटेवर पहिले पाऊल टाकणाऱ्या मुलास आपण जे सांगतो आहोत, आणि विशेषतः जे सांगत नाही आहोत, त्याविषयी मला गंभीर चिंता वाटते, व तीच येथे मांडावयाची आहे.

रायगडाविषयी एक जुनी आख्यायिका सांगितली जाते. गडाचे बांधकाम पुरे झाल्यावर शिवाजी महाराजांनी जाहीर केले की, दरवाजाची वाट सोडून, दोर अथवा शिडी न लावता जो कोणी गड चढून येईल त्यास सोन्याचे कडे आणि होनांची थैली बक्षीस मिळेल. त्यावर महार समाजातील एका धाडसी गड्याने कडा चढून वर निशाण रोवले, त्यास बक्षीस मिळाले, आणि ज्या वाटेने तो आला ती वाट बंद करण्यात आली. या आख्यायिकेची ऐतिहासिकता इतिहासकारांनी ठरवावी. परंतु आजच्या सुरक्षा-परीक्षकाच्या व्यवसायाचे एकूण एक अंग तीत आले आहे. चढाई गडाच्या धन्याच्या आज्ञेने झाली, तिच्या अटी आधी जाहीर झाल्या, सापडलेली वाट धन्यास दाखवली गेली, कष्टाचे चीज झाले, आणि शेवटी दोष दूर झाला. यांतील पहिली गोष्ट वगळली, म्हणजे धन्याची आज्ञा वगळली, तर तोच गडी, तीच चढाई आणि तेच कौशल्य असूनही उरते ती केवळ घुसखोरी.

नेमकी हीच गोष्ट आज विद्यार्थ्यांना सर्वांत शेवटी आणि सर्वांत थोडी शिकवली जाते. थोड्याच महिन्यांत एथिकल हॅकर बनवण्याची हमी देणाऱ्या वर्गांच्या जाहिराती गावोगावच्या भिंतींवर आणि मुलांच्या मोबाइलवर झळकत असतात. काळ्या टोपीतला चेहरा, हिरवी अक्षरे आणि लाखांच्या पगाराचे आश्वासन हे त्यांचे ठराविक साहित्य. त्या वर्गांत काली लिनक्स ही प्रणाली संगणकावर कशी चढवावी, एनमॅपची कोणती आज्ञा द्यावी, मेटास्प्लॉइटमधून कोणता हल्ला निवडावा, हे पहिल्या आठवड्यात सांगितले जाते, आणि कायदा हा शेवटच्या दिवशीच्या एका तासाचा विषय असतो. हत्यार हाती आलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलास ते कोठे तरी चालवून पाहण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. आणि त्याच्या समोर जवळात जवळचे जे संकेतस्थळ असते ते बहुधा त्याच्या स्वतःच्या महाविद्यालयाचे, नगरपालिकेचे अथवा गावातील पतसंस्थेचे असते. त्या मोहाची जबाबदारी एकट्या मुलावर टाकून मोकळे होणे हा अन्याय होईल.

म्हणून कायदा काय म्हणतो ते पालकांनी व विद्यार्थ्यांनी प्रथम समजून घ्यावे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या कलम ४३ मध्ये, संगणकाच्या मालकाच्या अथवा तो ज्याच्या ताब्यात आहे अशा व्यक्तीच्या परवानगीवाचून त्यात प्रवेश करणे, त्यातील माहिती उतरवून घेणे किंवा त्याच्या कामात व्यत्यय आणणे यांबद्दल नुकसानभरपाईची तरतूद आहे. हेच कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केले असेल तर कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शासनाने संरक्षित म्हणून घोषित केलेल्या प्रणालींबाबत तर कलम ७० प्रवेशाचा नुसता प्रयत्नही गुन्हा मानते व दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद करते. संपूर्ण रचनेचा आधार परवानगी या एका गोष्टीवर आहे. आपला हेतू चांगला होता, आपण काही मोडले नाही, आपण केवळ पाहत होतो, ही विधाने फिर्याद दाखल झाल्यानंतर वकिलामार्फत सिद्ध करीत बसावी लागतात. परवानगीचा लेखी कागद मात्र फिर्याद होण्याआधीच बोलतो.

तो कागदही चोख असावा लागतो, हे अमेरिकेतील आयोवा राज्यात सप्टेंबर २०१९ मध्ये घडलेल्या एका प्रकरणाने जगास दाखवले. राज्याच्या न्यायव्यवस्थापनाने न्यायालयांच्या सुरक्षेची तपासणी करण्याचे काम एका सुरक्षा-संस्थेस दिले होते, आणि त्या कराराप्रमाणे तिचे दोन परीक्षक मध्यरात्रीनंतर डॅलस परगण्याच्या न्यायालयाच्या इमारतीत शिरले. धोक्याची घंटा वाजली, पोलीस आले, परीक्षकांनी अधिकारपत्र पुढे केले. परंतु इमारत परगण्याची असून तीत असा प्रवेश देण्याचा अधिकार राज्यास नाही, अशी भूमिका शेरीफने घेतली, आणि दोघांचीही रवानगी तुरुंगात झाली. घरफोडीचा आरोप पुढे अतिक्रमणावर उतरला व जानेवारी २०२० मध्ये खटला मागे घेण्यात आला. अनुभवी माणसांची, कागद हाती असताना, ही गत होते. याचा अर्थ असा की, परवानगी कोणी द्यावयाची, तिची हद्द कोठवर, मुदत किती, काय करण्यास मुभा आहे व कशास सक्त मनाई आहे, आणि अडचण आल्यास मध्यरात्री कोणाशी संपर्क साधावयाचा, हे सारे करारनाम्यात नमूद होईपर्यंत जाणता परीक्षक कळफलकास हातसुद्धा लावत नाही.

वयाचाही प्रश्न येथे आहे, आणि त्याकडे जवळजवळ कोणीच लक्ष देत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ प्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्ती करार करण्यास पात्र नाही, आणि अशा व्यक्तीने केलेला करार मुळातच निरर्थक ठरतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहरीबीबीच्या खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले. तेव्हा अकरावीतल्या मुलास ओळखीच्या एखाद्या दुकानदाराने किंवा संस्थाचालकाने, आमचे संकेतस्थळ जरा तपासून दे, असे तोंडी सांगितले, तर त्या सांगण्यास आधार मानून काम करणे त्या मुलाच्या हिताचे नाही. शालेय वयात सरावाची जागा आपल्या घरचा संगणक, खास सरावासाठी उघडलेली मैदाने व स्पर्धा, यांपुरतीच असावी; आणि ती जागा मुळीच तोकडी नाही.

ती किती विशाल आहे हे पाहण्यासाठी एक साधा प्रयोग पुरेसा आहे. आठ गिगाबाइट स्मृतीच्या जुन्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स ही मोफत आज्ञावली बसवावी, आणि तिच्या पोटात दोन आभासी संगणक उभे करावेत. एकावर लिनक्स, दुसऱ्यावर मुद्दाम सदोष बनवलेले, सरावासाठीच वाटले जाणारे एखादे संकेतस्थळ. त्या दोहोंमधील जाळे बाहेरच्या जगापासून पूर्णपणे तोडावे. मग जाळ्यावरून जाणारे संदेश टिपून दाखवणारी वायरशार्क ही आज्ञावली सुरू करून त्या संकेतस्थळाच्या पानावर एक काल्पनिक नाव व परवलीचा शब्द भरावा. पडद्यावर ओळींमागून ओळी धावू लागतात. प्रथम एका संगणकाने दुसऱ्यास घातलेली साद, मग तिला आलेले उत्तर, मग त्या उत्तराची पोच, असा तीन संदेशांचा परिचय दिसतो. आणि त्यामागोमाग येणाऱ्या एका ओळीवर टिचकी मारली की, आपण क्षणापूर्वी टंकलेला परवलीचा शब्द, कोणत्याही आवरणावाचून, अक्षर न् अक्षर समोर उभा राहतो. तेच संकेतस्थळ सांकेतिकीकरण करणाऱ्या एचटीटीपीएसवर नेऊन प्रयोग पुन्हा करावा, म्हणजे त्याच जागी अर्थहीन अक्षरांची रांग दिसेल. ज्या विद्यार्थ्याने हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, त्यास सुरक्षेविषयीच्या दहा व्याख्यानांतून न मिळणारे ज्ञान मिळालेले असते, आणि त्यासाठी त्याने कोणाच्याही उंबरठ्यास पाऊल लावलेले नसते.

या प्रयोगातून दुसरीही एक गोष्ट उघड होते. त्या धावत्या ओळींचा अर्थ ज्यास कळत नाही, त्याच्या हाती जगातील सर्वांत प्रभावी आयुध दिले तरी तो केवळ बटणे दाबणारा राहतो. म्हणून जाळ्यांची रचना, टीसीपी-आयपीचे नियम, लिनक्सची आज्ञापद्धती, विंडोजमधील अधिकारांची व्यवस्था, पायथनसारखी एखादी भाषा आणि विदागाराशी बोलण्याची एसक्यूएल, इतका पाया घातल्यावाचून या व्यवसायात कोणी फार पुढे गेलेला नाही. हा अभ्यास नीरस नाही, पण संथ आहे. त्यास एक-दोन वर्षे द्यावी लागतात. पाया घालत असतानाच सरावासाठी ओव्हरदवायरवरील बँडिटसारखे खेळ, पोर्टस्विगरची मोफत वेब अकादमी, कार्नेगी मेलन विद्यापीठाने शालेय मुलांसाठी सुरू केलेली पिकोसीटीएफ स्पर्धा, आणि अमृता विश्व विद्यापीठाशी निगडित इनसीटीएफ, ही मैदाने खुली आहेत. आपल्याकडे पुण्या-मुंबईत नल या समूहाच्या बैठका भरतात, गोव्यात २०१० पासून नलकॉन ही परिषद भरू लागली, आणि पुण्यातच मूळ असलेल्या सी-डॅकच्या पदव्युत्तर पदविकेतून जाळे व सुरक्षा यांचे पद्धतशीर शिक्षण घेता येते. लातूर, गडचिरोली अथवा सावंतवाडीच्या मुलास यांतील निम्म्याहून अधिक गोष्टी घरबसल्या, एक पैसाही न खर्चता उपलब्ध आहेत. ही गोष्ट त्याला कोणी तरी विश्वासाने सांगितली पाहिजे, कारण त्याच्या वडिलांकडून महागडी फी घेणारा वर्ग ती सांगणार नाही.

परवानगीचा विषय वाटतो तितका सोपा नाही, हे दाखवणारे एक उदाहरण आपल्याच देशातले आहे. २०२१ साली चेन्नईतील बारावीच्या एका सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यास रेल्वेच्या आयआरसीटीसी संकेतस्थळावर तिकिटाचा व्यवहार पाहत असताना असे आढळले की, व्यवहाराचा क्रमांक बदलला की दुसऱ्याच प्रवाशाचा तपशील पुढे येतो, आणि त्याचे तिकीट रद्दसुद्धा करता येईल. दोषाचे स्वरूप कमालीचे साधे होते. संकेतस्थळ, तुम्ही कोण आहात, हे विचारत होते. परंतु, हे तिकीट तुमचेच आहे काय, हे विचारण्याचे विसरले होते. प्रवेशाधिकाराच्या तपासणीतील अशा ढिलाईस ओवॅस्प या जागतिक संस्थेने २०२१ च्या आपल्या दहा प्रमुख दोषांच्या यादीत पहिले स्थान दिले आहे. त्या मुलाने कोणाचे तिकीट रद्द केले नाही, प्रवाशांच्या याद्या साठवल्या नाहीत, मित्रमंडळींत बढाई मारली नाही. त्याने शासनाच्या सर्ट-इन या संस्थेस अहवाल पाठवला, आणि थोड्याच दिवसांत दोष दूर झाला. देशाने त्याचे कौतुक केले व ते रास्तच होते. परंतु त्यास संरक्षण दिले ते लोकमताने आणि अधिकाऱ्यांच्या समंजसपणाने; चांगल्या हेतूने दोष कळवणाऱ्यास अभय देणारे स्पष्ट कलम आपल्या कायद्यात नाही. उद्या दुसरा एखादा मुलगा हेच करील आणि त्याच्या वाट्यास एखादा चिडखोर अधिकारी आला, तर त्याच्या भवितव्याचे काय, हा प्रश्न अनुत्तरित आहे.

कुतूहलाची किंमत किती मोठी होऊ शकते, याचा जुना दाखलाही आहे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट टॅपन मॉरिस या तरुण विद्यार्थ्याने स्वतःची प्रतिकृती करीत पसरणारी एक आज्ञावली इंटरनेटवर सोडली. तिच्या रचनेतील दोषामुळे ती त्याच्या अपेक्षेपलीकडे वेगाने वाढली आणि हजारो संगणक ठप्प झाले. १९९० साली तो दोषी ठरला. त्यास तीन वर्षांची परिवीक्षा, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला, हे खरे. पण बुद्धिमान विद्यार्थ्याच्या आयुष्यावर फौजदारी शिक्षेची मोहोर उमटल्यानंतर त्यास पुन्हा उभे करणारे वातावरण सर्वांच्याच नशिबी नसते. तालुक्याच्या गावी एका मुलावर सायबर गुन्हा नोंदला गेला, तर पोलीस-पडताळणीच्या प्रत्येक वळणावर तो त्यास आडवा येईल, याचा विचार हत्यार शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने केला पाहिजे.

परवानगीनंतर ज्या गोष्टीची आपल्याकडे सर्वाधिक उपेक्षा होते ती म्हणजे लेखन. दोष सापडणे हा या कामाचा मध्य आहे, शेवट नव्हे. दोष कोठे आहे, तो कोणत्या पायऱ्यांनी पुन्हा दाखवता येतो, त्याचा पुरावा काय, शून्य ते दहा या प्रचलित मापनात त्याची तीव्रता किती, त्यामुळे संस्थेचे नेमके काय नुकसान होईल, आणि तो कसा दूर करावा, हे स्पष्ट, संयमित व अतिशयोक्तीविरहित भाषेत लिहिलेला अहवाल हेच परीक्षकाचे खरे उत्पादन होय. मालक मेहनताना देतो तो त्या दस्तऐवजासाठी. या क्षेत्रातील ओएससीपी या कठीण मानल्या जाणाऱ्या परीक्षेची रचना पाहावी: प्रत्यक्ष प्रवेशाच्या कसोटीसाठी २३ तास ४५ मिनिटे, आणि त्यानंतर अहवाल लिहिण्यासाठी स्वतंत्र २४ तास. लेखणीस हत्याराइतकाच वेळ देणारी ही विभागणी आपल्या प्रत्येक महाविद्यालयाने भिंतीवर लावण्याजोगी आहे.

येथेच मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याने एक गोष्ट ध्यानी घ्यावी. तांत्रिक ग्रंथ आणि दस्तऐवज इंग्रजीत आहेत, ते वाचण्याची सवय त्यास करावीच लागेल, त्यास पर्याय नाही. परंतु महाराष्ट्रात नागरी सहकारी बँकांचे, पतसंस्थांचे आणि साखर कारखान्यांचे जे अफाट जाळे आहे, त्याचे संचालक ठराव करतात ते मराठीत, आणि सुरक्षेवर खर्च करावयाचा की नाही याचा निर्णय त्यांच्याच सभेत होतो. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१९ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची सविस्तर श्रेणीबद्ध चौकट घालून दिली. तिची अंमलबजावणी करावयाची तर इंग्रजी अहवालाच्या आरंभी दोन पाने अशी हवीत की, जी वाचून साताऱ्याच्या किंवा जळगावच्या संचालकास आपल्या ठेवीदारांवर कोणते संकट येऊ घातले आहे हे यथार्थ कळेल. अशी दोन पाने लिहू शकणारा परीक्षक आज दुर्मीळ आहे. ज्याचे मराठी चांगले आहे त्याने ते या कामी लावावे.

उपजीविकेबाबतही मुलांना खरे चित्र दाखवले पाहिजे. शिक्षण संपताच परीक्षकाचे पद हाती पडणे हा अपवाद होय. बहुतेकांचा आरंभ जाळ्यांची देखभाल, आज्ञावलींची चाचणी, अथवा रात्रपाळीत धोक्याच्या इशाऱ्यांवर नजर ठेवणारे सुरक्षा-केंद्र येथून होतो, आणि ती उमेदवारी वाया जात नाही. ज्याने एखादी यंत्रणा चालवली आहे, तिच्या दुखऱ्या जागा त्यासच लवकर सापडतात. प्रमाणपत्रे उपयोगी असतात, पण त्यांचे शुल्क मोठे असते. घरावर कर्ज काढून ती मिळवण्याची घाई करू नये. दोष शोधणाऱ्यास बक्षीस देण्याची योजना नेटस्केप कंपनीने १९९५ साली सुरू केली, आणि आज हॅकरवन व बगक्राउड यांसारख्या व्यासपीठांवरून भारतीय तरुण अशा योजनांत मोठ्या संख्येने भाग घेतात. तेथे परवानगीची हद्द लेखी जाहीर असते, म्हणून शिकण्यास ती जागा उत्तम. तथापि बक्षीस मिळते ते दोष प्रथम कळवणाऱ्यास, आणि मागाहून आलेल्याच्या कित्येक आठवड्यांच्या श्रमांचे मोल शून्य होते. तेव्हा त्या उत्पन्नावर संसाराचा हिशेब मांडणे शहाणपणाचे नाही.

इतके विद्यार्थ्यांविषयी झाले. परंतु कर्तव्य एकट्या विद्यार्थ्याचे नाही. नेदरलँड्सने २०१३ सालीच दोष जबाबदारीने कळवणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या न्यायखात्याने मे २०२२ मध्ये, सद्भावनेने केलेल्या सुरक्षा-संशोधनावर खटले भरू नयेत असे धोरण जाहीर केले. बेल्जियमने २०२३ साली अशा संशोधकास कायद्यानेच अटींसह अभय दिले. आपल्याकडे सर्ट-इन २००४ पासून कार्यरत आहे, दोष कळवण्याची पद्धत तिने ठरवून दिली आहे, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात माहितीचे रक्षण न करणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही झाली. निष्काळजी मालकास दंड करणारा कायदा झाला, मग त्याच्या निष्काळजीपणाची खबर देणाऱ्यास अभय देणारा कायदा का होऊ नये? कोणती अट पाळली, किती माहिती पाहिली, किती दिवस मौन राखले, कोणास कळवले, या कसोट्या घालून असे संरक्षण देणे मुळीच अवघड नाही.

कायदा होईल तेव्हा होवो; तोवर तीन गोष्टी आपल्या हातच्या आहेत. राज्यातील प्रत्येक विद्यापीठाने, महानगरपालिकेने आणि सहकारी बँकेने आपल्या संकेतस्थळावर, दोष कोठे कळवावा, कोणत्या मर्यादेत तपासणीस मुभा आहे, आणि मर्यादा पाळणाऱ्याविरुद्ध फिर्याद केली जाणार नाही, असे एक पानाचे निवेदन प्रसिद्ध करावे. प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालयाने व तंत्रनिकेतनाने बाहेरच्या जाळ्यापासून तोडलेली एक सराव-प्रयोगशाळा उभारावी. त्यासाठी अडगळीत पडलेले जुने संगणकही चालतील. आणि हा विषय शिकवणाऱ्या प्रत्येक संस्थेने पहिल्या दिवसाचा पहिला तास माहिती तंत्रज्ञान अधिनियमास द्यावा, व त्यानंतरच हत्याराच्या पेटीचे झाकण उघडावे. पालकांनीही फी भरण्यापूर्वी त्या वर्गास एवढे एकच विचारावे की, कायदा तुम्ही कोणत्या दिवशी शिकवता.

आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठी शेवटचा शब्द. या व्यवसायात परकी माणसे आपले सर्वस्व तुमच्यापुढे उघडे करतील: ठेवीदारांची खाती, रुग्णांचे आजार, कामगारांचे पगार, घराण्यांची गुपिते. ते ज्ञानावर विसंबून तसे करणार नाहीत, कारण ज्ञान चोराकडेही असते. ते तुमच्या इमानावर विसंबून करतील. तेव्हा मन लावून शिका, पाया पक्का करा, लिहिण्याचा कंटाळा करू नका, आणि ज्या दाराची परवानगी तुमच्या हाती लेखी नाही ते कितीही सताड उघडे दिसले तरी त्यातून आत जाऊ नका. एवढे जो पाळील त्याच्यासाठी या क्षेत्रात काम भरपूर आहे, आणि या देशास त्याची गरज आहे.